फर्मान, पाठ्यपुस्तक आणि प्रवेशपरीक्षा : मराठवाड्यातील शाळेचा शतकभराचा वाद

मागच्या वर्षी पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थिनी तास संपल्यावर माझ्याकडे एक जुना कागद घेऊन आली. तिच्या पणजोबांचा तो शाळेचा दाखला होता. कडा झिजलेल्या, घडीवर चिरलेल्या त्या कागदावरचा सगळा मजकूर उर्दूत होता. घरच्यांना जातीच्या नोंदीसाठी तो वाचून हवा होता. वर्गात साठ मुले होती, मी होतो, शेजारच्या विभागातले दोन सहकारी होते. पण ज्या मराठी कुटुंबात तो तीन पिढ्या जपला गेला, त्या कुटुंबाची भाषा बोलणाऱ्या आम्हां कुणालाही त्यातले एक अक्षर वाचता येईना. शेवटी शहरातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे आम्ही तो कागद नेला.

नांदेड-लातूरकडे असे कागद आता घरोघरी निघत आहेत. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधण्याची वेळ प्रशासनावर आली. एके काळी शाळेने सक्तीने शिकवलेली लिपी पुढच्या काळात शाळेने पूर्ण विसरायला लावली. आणि आता तिच्यावाचून कुणाचे तरी भवितव्य अडले आहे. शाळेत काय शिकवायचे आणि काय गाळायचे, या निर्णयांची किंमत पुष्कळदा दोन-तीन पिढ्यांनंतर चुकवावी लागते, ती अशी.

महाराष्ट्रात २०२५ साली शालेय भाषांवरून मोठे वादळ उठले. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा शासननिर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला तो सुधारला गेला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. या वादात मुंबई-पुण्याचा आवाज मोठा होता. वस्तुतः शाळेची भाषा आणि शाळेचा आशय यांवरून राज्यसत्तेशी प्रत्यक्ष झुंजण्याचा सर्वांत दीर्घ अनुभव मराठी मुलखात कुणाला असेल तर तो मराठवाड्याला आहे. त्या अनुभवाची उजळणी करताना मला एक गोष्ट विशेष जाणवते. शाळेत काय शिकवावे हे ठरवणारी सत्ता आमच्याकडे तीनदा बदलली. पहिल्या सत्तेशी आम्ही लढलो, दुसरीशी कुरकुर करीत जुळवून घेतले. तिसरीला मात्र आम्ही स्वतःच निमंत्रण दिले. त्यामुळे तिच्याबद्दल वाद घालणेही आम्हांला अवघड झाले आहे.

पहिली सत्ता निजामाची. हैदराबाद संस्थानात तेलुगू भाषिक सर्वाधिक, त्यांच्या खालोखाल मराठी आणि मग कन्नड. उर्दू मातृभाषा असणारे साधारण दहापैकी एक. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा घेऊन उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, आणि कारभाराच्या मागोमाग शाळाही उर्दूच्या झाल्या. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिक, फौकानिया म्हणजे उच्च माध्यमिक : मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या आठवणी आणि आत्मचरित्रे या तीन शब्दांनी भरलेली आहेत. प्राथमिक इयत्तांत मातृभाषेला थोडीफार जागा असे. मुलगा वर सरकला की गणित, इतिहास, भूगोल सारे उर्दूतून. ज्या मुलाच्या घरात उर्दूचा गंध नाही त्याने आधी भाषा शिकायची आणि मग विषय. मुलींची आणि खेड्यांतील मुलांची गळती किती झाली असेल, याची कल्पना कुणाही शिक्षकाला करता येईल.

मात्र इथे एका गोष्टीची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. १९१७ च्या फर्मानाने साकार झालेले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे आधुनिक भारतीय शिक्षणातील एक विलक्षण धाडस होते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठे इंग्रजीत शिकवत असताना उस्मानियाने विज्ञान, वैद्यक, कायदा हे विषय एका भारतीय भाषेत शिकवायला घेतले. त्यासाठी मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली भाषांतराचा स्वतंत्र विभाग उभारला, परिभाषा घडवली, ग्रंथ सिद्ध केले. भारतीय भाषेत उच्च ज्ञान पेलण्याची शक्ती नाही, हा समज उस्मानियाने खोटा ठरवला. मराठीला ज्ञानभाषा करण्याच्या गप्पा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या विभागाच्या कामाचा अभ्यास अजून नीट केलेला नाही. उस्मानियात मराठीचा विभागही होता आणि चिं. नी. जोशी, डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्यासारखे अध्यापक तिथे मराठी शिकवीत होते. दोष प्रयोगात नव्हता. ज्यांच्यावर तो झाला त्यांची ती भाषा नव्हती आणि त्यांना कुणी विचारलेही नव्हते, हा दोष होता.

या व्यवस्थेला उत्तर म्हणून लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हैदराबादेत विवेकवर्धिनी उभी राहिली. १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, हिप्परगा या आडवळणी खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर या शाळेत मुख्याध्यापक होते. हिप्परग्यानंतर ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले आणि १९३८ मध्ये शाळा सोडून राजकारणात उतरले. नांदेड, लातूर, उमरी, सेलू अशा गावांतूनही खाजगी शाळांचे जाळे हळूहळू विणले गेले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निजाम सरकारने खाजगी शाळांवर पूर्वपरवानगीची अट घातली ती उगाच नव्हे. सभाबंदीइतकीच ही शाळाबंदी राजकीय होती. ज्या संस्थानात सभा घ्यायला परवानगी लागते तिथे वर्ग हीच सभा होते, हे सरकारला आणि शिक्षकांना, दोघांनाही पुरते ठाऊक होते.

या शाळांच्या इतिहासात एक बाजू आपण बहुधा नजरेआड करतो. उर्दू ही नोकरीची भाषा होती. तहसीलीत, पोलिसांत, न्यायालयात शिरायचे तर उर्दूवाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे आपल्या मुलाला सरकारी शाळेत घालणारा बाप काही देशद्रोही नव्हता. तो भाकरीचा विचार करीत होता. त्याच्यासमोर हिप्परग्याच्या शाळेने जे ठेवले ते व्यवहाराच्या दृष्टीने तोट्याचे होते. तिथल्या शिक्षणाने सरकारी चाकरीचे दार उघडत नव्हते. तरी काही पालकांनी मुले पाठवली आणि काही तरुणांनी तुटपुंज्या मानधनावर शिकवले. शिक्षण हे भाकरीहून थोडे अधिक असते, एवढ्या एका विश्वासावर ते चालले. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे कितीतरी कार्यकर्ते अशा वर्गांतून आले.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, १९३८ मध्ये दुसरे लातूरला आणि त्यानंतरचे उमरीला. राजकीय सुधारणांच्या मागणीबरोबर मातृभाषेतील शिक्षणाचा आग्रह या मंचावरून धरला गेला. तेलुगू भाषकांच्या आंध्र महासभेचाही सूर तोच होता. १९३८ च्याच नोव्हेंबरात औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला. त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच. अभ्यासक्रमाचा वाद केवळ पुस्तकात काय छापले यापुरता नसतो. प्रार्थनेच्या वेळी मुलांनी काय म्हणावे इथपर्यंत तो पोचतो, हे या प्रकरणाने दाखवले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. आता मराठवाड्यातील मुलांना आपल्या भाषेत उच्च शिक्षण मिळेल, असे वाटणे स्वाभाविक होते. घडले ते निराळेच. उस्मानियातील उर्दू माध्यम गेले आणि त्या जागी इंग्रजी आली. १९५० मध्ये स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले तेही आरंभी उस्मानियालाच जोडलेले होते. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेले महाविद्यालय, पुढचे मिलिंद, हे तर निजामाच्या आणि स्वातंत्र्याच्याही व्यवस्थेने वर्गाबाहेर ठेवलेल्या मुलांसाठी होते. मातृभाषेची मागणी करणाऱ्या चळवळीत या मुलांचा प्रश्न किती आला होता, हे आपण विचारायला हवे. दोन्ही व्यवस्थांत त्यांचा पहिला झगडा वर्गात शिरण्याचाच होता. भाषेचा प्रश्न त्यानंतरचा.

हा प्रश्न पुढे विद्यापीठाच्या नावावरून उभा राहिला. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्याच्या खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्हा त्यात आघाडीवर होता, हे लिहिताना आजही मान खाली जाते. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, सोळा वर्षांनी. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि लातूर-नांदेडची महाविद्यालये तिकडे आली. मुक्तिसंग्रामात शाळेसाठी लढलेल्या प्रदेशाने विद्यापीठाच्या पाटीवरचे एक नाव सोळा वर्षे अडवून धरले. आपल्या शैक्षणिक इतिहासाचे हेही पान आहे. विद्यार्थ्यांना ते सांगितले गेले नाही तर आधीची पाने खरी असूनही अपुरी राहतात.

दुसरी सत्ता पाठ्यपुस्तकाची. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात बालभारती म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि राज्यातील मुलांच्या हाती एकसारखी पुस्तके येऊ लागली. भाषेच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता; उदगीरच्या आणि किनवटच्या मुलाला चांगल्या छपाईचे, स्वस्त, मराठी पुस्तक मिळू लागले. पण एकसारखेपणाची स्वतःची अशी एक किंमत असते. महाराष्ट्राचा इतिहास म्हणून जे शिकवले जाई त्याचा कणा ब्रिटिश महाराष्ट्राचा होता : पेशवाईचा अस्त, १८५७, मुंबई-पुण्याचे प्रबोधन, १९४२. त्या साऱ्या काळात मराठवाडा कुठे होता, याचे उत्तर त्या कण्यात सहज बसत नव्हते. लोकहितवादी ‘शतपत्रे’ लिहीत होते तेव्हा नांदेडचा माणूस कुणाची प्रजा होता आणि कोणती भाषा लिहीत होता, हे आमच्या पिढीला शाळेत कुणी सांगितल्याचे स्मरत नाही. १९४७ साली १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, हे वाक्य आम्ही पाठ केले. ज्या गावात ते पाठ केले त्या गावाला स्वातंत्र्य तेरा महिन्यांनी मिळाले, ते घरी आजोबांकडून कळले.

ही उणीव भरून काढण्याचे काम पाठ्यपुस्तकाबाहेर झाले. स्वामीजींच्या आठवणी १९६७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. अनंत भालेराव यांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा आणि मराठवाड्याचा इतिहास लिहिला. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी या लढ्याची चिकित्सा केली, आणि तीही नुसता गौरव न करता. निजामी राजवटीचे स्वरूप, रझाकारांचे राजकारण, चळवळीतील अंतर्विरोध यांवर ते सारख्याच परखडपणे बोलले. कुरुंदकर आधी शाळाशिक्षक होते आणि मग महाविद्यालयात आले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या प्रदेशाचा इतिहास प्रामुख्याने शिक्षकांनी आणि पत्रकारांनी लिहिला. आता राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासात, २०१८ च्या पुस्तकात, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा भाग आहे. तो आहे याचे समाधान मानावे. पण काही परिच्छेदांत स्टेट काँग्रेस, रझाकार आणि पोलिस कारवाई उरकताना तहतानिया, हिप्परगा, खाजगी शाळांवरील निर्बंध यांना जागा उरत नाही. शाळेतील पुस्तकातून शाळेचाच इतिहास गळतो.

तिसरी सत्ता प्रवेशपरीक्षेची, आणि तिचे केंद्र लातूर. १९७० मध्ये लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत या महाविद्यालयाने आणि नंतर लातूरच्या इतर संस्थांनी बारावीच्या विज्ञान शाखेसाठी जी पद्धत बसवली ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, उरलेले महिने सराव चाचण्यांना द्यायचे, प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून मुलाला त्याची चूक दाखवायची. यात लबाडी नव्हती. शिक्षकांचे अपार कष्ट होते. शेतकऱ्यांची, शिक्षकांची, छोट्या दुकानदारांची मुले त्यातून डॉक्टर-अभियंते झाली. मराठवाड्यातील मुलाला गुणवत्ता यादीत जागा नसते, हा समज पुसला गेला. या यशाला नाक मुरडण्याचा अधिकार आम्हां साहित्याच्या अध्यापकांना नाही, कारण आमची स्वतःची मुलेही त्याच रांगेत उभी राहिली.

शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची आणि संस्कृतीची ओळख मराठीला करून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. दलित साहित्याच्या चर्चेला त्या ओळखीने बळ दिले. १९९४ मध्ये नांदेडच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच झाले. साहित्याच्या एका जाणत्या अभ्यासकाने घडवलेल्या संस्थेचे नाव जगाने भौतिक-रसायन-जीवशास्त्राच्या गुणांसाठी ओळखावे, यात त्यांचा दोष नाही. आमच्या समाजाला त्या क्षणी काय हवे होते, ते यातून कळते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सामायिक प्रवेश परीक्षा आली, २०१७ पासून वैद्यकीय प्रवेश ‘नीट’वर होऊ लागला, २०२० मध्ये सत्तर-तीसचे प्रादेशिक सूत्र रद्द झाले. मराठवाड्यातून ते रद्द करण्याची मागणी होती आणि ती न्याय्य होती, कारण इथे वैद्यकीय जागा कमी होत्या. प्रत्येक बदलागणिक अभ्यासाचे केंद्र मात्र वर्गापासून दूर गेले. आधी बारावीचे पुस्तक तरी राज्याचे होते. ‘नीट’साठी लातूरच्या मुलाच्या हाती केंद्रीय मंडळाची पुस्तके आणि वर्गणीच्या प्रश्नसंचांचे गठ्ठे आले. मराठीचे काय झाले? अकरावी-बारावीला दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय झाली आणि विज्ञान शाखेतील मुलांनी ती मोठ्या संख्येने घेतली, कारण त्यात गुण अधिक आणि वेळ कमी. २०२० मध्ये राज्याने कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. योगायोगाने ती स्वामी रामानंद तीर्थांची जन्मतिथी. अभिजात भाषा सोळाव्या वर्षी सोडता येते, आणि ती सोडायला लावणारे कोणतेही फर्मान निघालेले नाही.

हा फरक मला मूलभूत वाटतो. निजामाच्या सत्तेला चेहरा होता. तिच्याविरुद्ध शाळा काढता येत होती. पाठ्यपुस्तक मंडळाला पत्ता आहे. त्याला निवेदन देता येते. २०२५ मध्ये सरकारने तिसरी भाषा लादली तेव्हा लोक बोलले आणि निर्णय फिरला, कारण निर्णय घेणारा समोर होता. प्रवेशपरीक्षा मात्र कुणाला काहीही शिकवू नका असे म्हणत नाही. ती केवळ विचारते तेवढेच विचारते, आणि जे ती विचारत नाही ते पालक, संस्थाचालक आणि शिक्षक मिळून शांतपणे गाळतात. एके काळी लोकांनी चालवलेल्या शाळा हे सत्तेला दिलेले उत्तर होते. आज लोकांनी चालवलेल्या शाळाच या नव्या सत्तेच्या कारकून झाल्या आहेत. आणि कारण तेच आहे जे शंभर वर्षांपूर्वी उर्दू शाळेच्या दारात उभ्या असलेल्या बापाचे होते : भाकरी. ते कारण तेव्हाही खरे होते, आजही आहे. तेव्हा हिप्परग्याला कुणीतरी त्या कारणाच्या पलीकडची शाळा काढली होती, एवढाच काय तो फरक.

म्हणून शाळेत काय शिकवावे या वादात उतरताना आपण अध्यापकांनी सरकारइतकीच स्वतःलाही प्रश्नांची यादी द्यावी. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात भाषेचा तास कोणत्या वेळेला आणि किती मुलांसमोर होतो? १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला आपण भाषणाऐवजी मुलांना त्यांच्या गावातील पहिल्या शाळेचा इतिहास शोधायला का सांगत नाही? मोडी आणि उर्दू लिपीचे छोटे वर्ग आपले मराठी आणि इतिहास विभाग का चालवत नाहीत? यांतल्या कशालाही शासननिर्णयाची गरज नाही.

त्या दाखल्याचे सांगायचे राहिले. निवृत्त शिक्षकांनी तो सावकाश वाचून दाखवला : नाव, वडिलांचे नाव, गाव, जमात. ज्यासाठी आलो होतो ती नोंद मिळाली. मग त्यांनी विषयांची नावे वाचली. हिसाब, जुग्राफिया, तारीख. तारीख म्हणजे काय, असे मुलीने विचारले. उर्दूत इतिहासाला तारीख म्हणतात, असे ते म्हणाले. बाहेर पडल्यावर ती मला म्हणाली, की सतरा सप्टेंबर ही तारीख तेवढी तिला ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यापासून दर शनिवारी तास संपल्यावर त्या शिक्षकांकडे उर्दू अक्षरे शिकायला चार मुले जातात. पाचवा विद्यार्थी मी आहे.